'डाइंग टू बी मी': देव न मानणाऱ्या बाईनं वाचलं तेव्हा

मरणाच्या दारातून परत आलेल्या एका बाईचं हे आत्मकथन वाचून महिना झाला तरी पुस्तक अजून टेबलावरच पडलंय, कपाटात ठेवायला हात होत नाही, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून काढावं.

आधी थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी देव मानत नाही. त्यावरून मी कोणाशी भांडत नाही, पण आमच्या घरात बाबांपासूनच देव्हारा नाही, सत्यनारायण नाही, बाबा गेले तेव्हा दहावं-तेरावं न करता देहदान केलं. आणि दुसरं म्हणजे मी गेली बावीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ आमच्याकडे येते, आम्ही ती मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतो, तीन-चार मायक्रॉनचे पातळ काप काढतो, गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवतो आणि स्लाइड डॉक्टरांपुढे ठेवतो. निदान डॉक्टर करतात, मी नाही, पण इतक्या वर्षांत डोळ्यांना सवय होतेच की.

तर पुस्तक अनिता मूरजानी यांचं. बाई सिंधी कुटुंबातल्या, जन्म सिंगापूरचा, वाढल्या हाँगकाँगमध्ये. एप्रिल २००२ मध्ये त्यांना हॉजकिन लिंफोमा निघाला, म्हणजे लिंफ नोड्सचा, मानेत-काखेत वगैरे असणाऱ्या लसिकागाठींचा, कॅन्सर. जवळजवळ चार वर्षं त्यांनी केमो घेतली नाही, इतर सगळे उपाय करून पाहिले, आणि २ फेब्रुवारी २००६ ला त्या कोमात गेल्या. डॉक्टरांनी नवऱ्याला सांगितलं की आता काही तासांचाच प्रश्न आहे. तीसेक तासांनी बाई शुद्धीवर आल्या. त्या वेळात आपण शरीराच्या बाहेर होतो, वारलेले वडील भेटले, कॅन्सरनं गेलेली मैत्रीण भेटली, परत यायचं की नाही हे आपलं आपण ठरवलं, असं त्या सांगतात. ९ मार्चला चालत घरी. पुस्तक मार्च २०१२ मध्ये 'हे हाउस' नावाच्या प्रकाशनानं काढलं, प्रस्तावना अमेरिकन सेल्फ-हेल्प लेखक वेन डायर यांची. दोनशे पानांच्या आसपास, इंग्रजी सोपं आहे, अडत नाही. तीन भाग आहेत: आजारपणापर्यंतचं आयुष्य, मग कोमा आणि परत येणं, मग त्यातून काय कळलं ते.

माझ्याकडे ते आलं मावशीकडून. म्हणजे तिनं दिलं नाही, ती गेल्यावर मिरजेच्या घरातून तिची पुस्तकं आवरताना मी ते आणलं. मावशीला ब्रेस्ट कॅन्सर होता, दोन वर्षं ट्रीटमेंट झाली, सगळी नीट घेतली तिनं, उपचारांची एक फेरी चुकवली नाही. हे पुस्तक तिला भिशीतल्या कोणीतरी दिलेलं, चांगल्या मनानं दिलेलं. मावशी बँकेतून रिटायर झालेली, इंग्रजी वाचायची पण सावकाश, अडलेल्या शब्दाचा अर्थ पेन्सिलीनं बाजूला लिहायची. या पुस्तकात पहिल्या चाळीसेक पानांत असे बारीक अक्षरातले मराठी शब्द आहेत, पुढे पुढे ते कमी होत जातात, आणि मग शब्दांच्या जागी रेघा यायला लागतात.

आता पुस्तकाबद्दल. पहिला भाग मला फार आवडला, अगदी मनापासून सांगते. कॉन्व्हेंट शाळेत असताना कोणीतरी सांगितलं की चर्चला जात नाहीस तर तू स्वर्गात जाणार नाहीस, आणि ती एवढीशी पोर घाबरून गेली. मग ब्रिटिश शाळा, तिथं रंगावरून चिडवणं, घरी वडिलांची शिस्त, मुलीनं कसं बसावं कसं बोलावं, आणि मग ठरवून केलेलं लग्न, जे ती ऐनवेळी मोडून निघून गेली, पाहुण्यांची तयारी झालेली, वडिलांची मान खाली गेलेली. हे वाचताना हाँगकाँग वगैरे विसरायलाच होतं, आपल्याकडच्या कुठल्याही घरात असं एक मोडलेलं लग्न असतं ज्याबद्दल वीस वर्षांनी पण कोणी मोठ्यानं बोलत नाही. वडील गेले तेव्हा त्यांच्यातलं ते सगळं न बोललेलंच राहून गेलं होतं, आणि पुढे कोमात तेच वडील भेटतात आणि त्यांच्याकडून फक्त माया येते, हिशोब नाही, रागावणं नाही. तिथं मी रडले. मला स्वर्ग मानावा लागला नाही त्यासाठी. आयुष्यभर ज्याच्यासमोर आपण कमी पडलो असं वाटत होतं तो माणूस शेवटी असा भेटावा, एवढी साधी गरज आहे ती, आणि मरायला टेकलेल्या माणसाच्या मेंदूनं ती भागवली असेल तर त्यात खोटं काय आहे?

आणि आजारपणाची वर्णनं खरी आहेत. फुप्फुसात पाणी साठल्यामुळे आडवं पडता येत नाही, बसून झोपायचं, ऑक्सिजन लावलेला, मानेवरच्या गाठी फुटून जखमा झालेल्या. ज्यानं घरात असा पेशंट सांभाळलाय त्याला कळेल की यातलं एक वाक्य पण सजवलेलं नाही.

मग कोमाचा भाग. पुस्तक यासाठीच विकलं जातं, पण तो तसा छोटा आहे. त्या सांगतात की आजूबाजूचं सगळं एकाच वेळी दिसत होतं, खोलीपासून दूर कॉरिडॉरमध्ये डॉक्टर नवऱ्याशी बोलत होते ते ऐकू येत होतं, भाऊ विमानात बसून आपल्याकडे यायला निघालाय हे कळत होतं. एक दाखला त्यांनी दिलाय तो मला विसरता येत नाही. समजा आपण आयुष्यभर एका प्रचंड काळोख्या गोदामात एक छोटी बॅटरी घेऊन फिरतोय, जेवढा उजेड पडेल तेवढंच जग, आणि अचानक कोणी सगळे दिवे लावले. मग दिवे परत बंद झाले, हातात परत तीच बॅटरी, पण आता आपल्याला माहितीये की गोदाम केवढं आहे. एवढं चांगलं मी या विषयावर कुठे वाचलं नव्हतं.

यावर माझा विश्वास आहे का? अनुभव आला यावर पूर्ण आहे. बाई खोटं बोलतायत असं मला एका पानावर पण वाटलं नाही. आपल्या लोकांची इथंच गल्लत होते, मानणारे म्हणतात अनुभव खरा म्हणजे परलोक खरा, न मानणारे म्हणतात परलोक नाही म्हणजे बाई थापा मारतेय. दोन्ही नको. रात्री स्वप्नात बाबा येऊन माझ्याशी बोलले तर मला स्वप्न पडलं हे शंभर टक्के खरं आहे, त्यावरून बाबा कुठेतरी राहतायत हे ठरत नाही, आणि म्हणून सकाळी उठल्यावर आलेलं रडू खोटं ठरत नाही.

लहानपणी आमची आजी सांगायची, गावात अमका तिरडीवरून उठून बसला आणि म्हणाला की यमदूत चुकून मला घेऊन गेले, तिथं वहीत बघितलं तर नाव तेच पण माणूस दुसरा, मग मला परत पाठवलं, आणि त्याच दिवशी पलीकडच्या आळीत त्याच नावाचा माणूस गेला. मला वाटायचं ही आजीची गोष्ट. पण सतवंत पसरीचा आणि इयान स्टीव्हनसन या संशोधकांनी १९८६ मध्ये भारतातल्या अशा सोळा केसेसवर पेपर लिहिलाय आणि त्यात हेच आहे, न्यायला आलेले दूत, वही घेऊन बसलेला माणूस, चुकीचा माणूस आणला म्हणून परत पाठवणी. अमेरिकेतल्या लोकांना बोगदा आणि प्रकाश दिसतो, आपल्याला चित्रगुप्ताची वही दिसते. आणि मूरजानी, ज्या घरी हिंदू, शाळेत ख्रिश्चन, बाहेर चिनी शहर अशा वाढल्या, त्यांना यम पण नाही आणि येशू पण नाही, त्यांना नुसती माया आणि मोकळेपणा दिसला. माझ्यासाठी हे फार बोलकं आहे. आत काहीतरी घडतं, बहुधा माणसामाणसांत सारखंच काहीतरी, आणि त्याला कपडे आपापल्या घरचे चढतात.

कोणी म्हणेल मग कॉरिडॉरमधलं बोलणं कसं ऐकलं? मला माहीत नाही, खरंच. पण कोमा म्हणजे मरण नाही, आणि कोमातल्या पेशंटला काहीच कळत नसतं असं धरून चालू नये हे आयसीयूत काम केलेली कुठलीही सिस्टर सांगेल. सॅम पार्निया या डॉक्टरांनी हेच तपासायला मोठा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो छापून आला. पंधरा हॉस्पिटलं, हृदय बंद पडलेले २०६० पेशंट, आणि काही ठिकाणी वर उंच फळीवर चित्रं ठेवलेली, जी फक्त छतावरून खाली बघणाऱ्यालाच दिसतील. त्यातून वाचून मुलाखतीपर्यंत पोचले १४० जण. आजूबाजूचं बघितलं-ऐकलं असं स्पष्ट सांगणारे निघाले दोन, आणि ते दोघं ज्या खोल्यांत होते तिथं फळीच नव्हती. म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. मला असा अभ्यास आवडतो, जिथं माणसानं फळी ठोकून ठेवली आणि वाट बघितली.

न मानणाऱ्यांनी एक माणूस लक्षात ठेवावा, ए. जे. एअर, इंग्लंडचा तत्त्वज्ञ, जन्मभर नास्तिक. १९८८ मध्ये हॉस्पिटलमध्ये असताना घशात घास अडकला आणि चार मिनिटं हृदय बंद पडलं. नंतर त्यानं स्वतःच लिहिलं की मला झगझगीत लाल प्रकाश दिसला, तो सोसवत नव्हता. पुढे त्यानं खुलासा पण केला, की मरणानंतर काही नाही हे माझं मत ढिलं झालेलं नाही, त्या मताबद्दलचा ताठरपणा तेवढा कमी झालाय. मला हे जमलं पाहिजे असं फार वाटतं.

इथपर्यंत मी पुस्तकाच्या बाजूनं आहे. आता जे पटलं नाही ते, आणि ते स्पष्ट बोलणार आहे.

हॉस्पिटलात नेल्यावर मूरजानींना केमो सुरू केली होती. हे त्या लपवत नाहीत, पुस्तकात आहे. आयुष्यातली पहिली केमो. आणि चार दिवसांत गाठी ७० टक्क्यांनी कमी झाल्या असं त्या सांगतात. आता हॉजकिनबद्दल दोन शब्द. स्लाइडवर त्याची ओळख म्हणजे रीड-स्टर्नबर्ग नावाच्या पेशी, भल्यामोठ्या, आत दोन केंद्रकं आणि प्रत्येकात एक ठसठशीत ठिपका, घुबड तुमच्याकडे बघतंय असं वाटतं. पहिल्यांदा मला सरांनी दाखवली तेव्हा मी दचकले होते. पण हा कॅन्सर दिसायला भयंकर असला तरी केमोला फार चांगली दाद देणारा आहे, अगदी चौथ्या स्टेजला सुद्धा बरे होणारे लोक भरपूर असतात, आणि लिंफोमाच्या गाठी औषध लागू पडलं की काही दिवसांत वितळल्यासारख्या कमी होऊ शकतात. चार वर्षं उपचार न घेतलेली, अवयव बंद पडत चाललेली बाई वाचली हे नशीबच म्हणायचं आणि डॉक्टर-सिस्टरांचे कष्ट. पण पुस्तक संपताना वाचकाच्या मनात राहतं ते हे, की आपण खरे कोण हे कळलं म्हणून कॅन्सर गेला. केमो कुठेतरी मागच्या ओळीत उभी राहते. मला याची भीती वाटते. लॅबमध्ये आम्ही बघतो ना, पहिल्या बायोप्सीचा नंबर आणि वर्षभरानं परत आलेला तोच पेशंट, मध्ये काय झालं तर कोणीतरी काढा दिला, कोणीतरी हीलिंग केलं. पहिल्या वेळी सुपारीएवढी असलेली गाठ दुसऱ्या वेळी डबीत मावत नाही. मूरजानी कुठेही औषध घेऊ नका म्हणत नाहीत, त्यांच्यावर तो आरोप मी करणार नाही. पण त्यांनी ते पान अजून ठळक लिहायला हवं होतं.

आणि तिसरा भाग. इथं पुस्तक सैल होतं, तेच तेच परत येतं, शेवटी प्रश्नोत्तरं पण आहेत त्यात पुन्हा तेच. पण सैल असणं चालतं एक वेळ. मला जे सोसलं नाही ते म्हणजे मला कॅन्सर कशामुळे झाला याचं त्यांनी दिलेलं उत्तर, भीतीमुळे. लोक काय म्हणतील याची भीती, नापास होण्याची, कमी पडण्याची, आणि खुद्द कॅन्सरची. स्वतःपुरतं त्यांना तसं वाटलं असेल, त्यांचा अनुभव त्यांचा. पण हे पुस्तक कोणाच्या हातात पडतं? जो आजारी आहे त्याच्याच.

मावशीच्या पेन्सिलीच्या रेघा त्या पानांवर सगळ्यात दाट आहेत. एका ठिकाणी समासात लिहिलंय, "मी कशाला घाबरले?" आणि शेवटच्या कोऱ्या पानावर यादी आहे. बँकेत चेकबुक रजिस्टर ठेवायची तसे नीट आकडे घालून, एकाखाली एक. आईची आजारपणं. इस्लामपूरची बदली. यांचा अ‍ॅक्सिडेंट. घराचं कर्ज. बेबीचं बाळंतपण. बेबी म्हणजे मी. माझ्या बाळंतपणात गुंतागुंत झाली होती तेव्हा मावशी रजा टाकून आली, पंधरा दिवस हॉस्पिटलच्या बाकावर झोपली. एकोणीस वर्षांनी कॅन्सर झाल्यावर तिनं ते पंधरा दिवस आपल्या आजाराच्या कारणांत मांडले. पाच नंबरला.

आणि मग मला आठवलं. जायच्या आधी दोनेक महिने मी मिरजेला गेले होते, तिला मोसंबी सोलून देत होते आणि तिनं एकदम विचारलं, "बेबी, तुझ्या त्या मायक्रोस्कोपात भीती दिसते का गं?" मी म्हटलं, "काहीतरीच काय मावशी," आणि दुसरी मोसंबी घेतली. ती हसली, मग सीरियल लागली. मला वाटलं औषधांनी जरा असंबद्ध बोलतेय. आता कळलं की प्रश्न कुठून आला होता, आणि मी थांबून का विचारलं नाही याचं वाईट वाटणं काही जात नाही.

नाही दिसत. जे मी तेव्हा नीट सांगायला हवं होतं ते हे, की पेशींचा आकार दिसतो, त्या किती वेगानं वाढतायत ते दिसतं, काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत पोचल्यात का ते दिसतं, हार्मोनचे रिसेप्टर आहेत का ते वेगळा रंग देऊन बघता येतं. भीतीमुळे ब्रेस्ट कॅन्सर होतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही. वय वाढतं, पेशी लाखो वेळा विभागतात, कुठेतरी नक्कल करताना चूक होते, काहींच्या घराण्यात ती चूक आधीपासूनच असते. आणि मावशी घाबरली नव्हतीच मुळी, तिनं काळजी घेतली होती. आईची, काकांची, माझी. त्याला भीती म्हणत नाहीत.

मूरजानींना हे कळलं तर त्यांना पण वाईटच वाटेल असं मला वाटतं, कारण पुस्तकभर त्या एकच सांगतायत की स्वतःला दोष देऊ नका. पण "भीतीनं आजार झाला" आणि "स्वतःला दोष देऊ नका" ही दोन वाक्यं एकाच घरात राहू शकत नाहीत. रात्री झोप येत नसलेला पेशंट पहिलं वाक्य उचलतो, दुसरं नाही.

तर घ्यावं का? ज्यांना या अनुभवांबद्दल कुतूहल आहे, मानणारे असोत नाहीतर न मानणारे, त्यांनी पहिले दोन भाग जरूर वाचावेत. न मानणाऱ्यांनी तर मुद्दाम, कारण समोरचा माणूस काय अनुभवून आलाय हे त्याच्या तोंडून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकायची सवय आपल्याला कमी आहे, मला पण कमी होती. ज्यांचं कोणी नुकतं गेलंय आणि शेवटच्या तासांत त्यांना फार त्रास झाला असेल का या विचारानं जे जागे राहतात, त्यांना याचा आधार वाटेल. मला वाटला. मावशी पण शेवटचे दीड दिवस शुद्धीत नव्हती, आणि आत कुठेतरी तिचे सगळे दिवे लागलेले असतील, तिची आई भेटली असेल, ही कल्पना मी देव न मानता करू शकते आणि करते. तिसरा भाग नाही वाचला तरी काही अडत नाही. पाचात तीन स्टार.

कॅन्सरच्या पेशंटला मात्र हे परस्पर नेऊन देऊ नका. द्यायचंच असेल तर आधी स्वतः वाचा आणि मग त्यांच्याजवळ बसून वाचा, म्हणजे त्यांनी काही विचारलं तर तुम्ही तिथं असाल.

ही प्रत मी कोणाला वाचायला देणार नाहीये, मागू नका, ज्यांना हवं त्यांना मी नवीन घेऊन देईन. शेवटच्या पानावरची यादी मी खोडली नाही, पेन्सिलीचं अक्षर तिचं आहे. फक्त पाच नंबरच्या पुढे, तिच्याच सवयीनं, बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहून ठेवलाय: माया.